देवाची सीट

सुमनचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसलो होतो. निवृत्त माणसाची सकाळ, घाई कसलीच नाही. "भावोजी, हे खुर्चीतच बसलेत... हाक मारतेय तर ओ देत नाहीत," एवढंच ती म्हणाली. सुमन म्हणजे माझ्या बायकोची, शैलाची धाकटी बहीण आणि 'हे' म्हणजे तिचा नवरा दत्ताराम, माझा साडू. मी तिला म्हटलं, शेजाऱ्यांना बोलाव, आम्ही निघालोच. डोंबिवलीला जाताना रिक्षात शैला रडायला लागली आणि मी तिच्यावर उगाच डाफरलो, की अजून काही कळलेलं नाही, तू आधीच सुरू होऊ नकोस. खरं तर मला कळलं होतं. गेले सहा महिने मी याच फोनची वाट बघत होतो आणि फोन वाजला की दरवेळी आधी सुमनचं नाव आहे का ते बघत होतो. होळी चार दिवसांवर आली होती. दत्ता गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, तोंड खालच्या मैदानाकडे. त्या मैदानाच्या कडेला, नाल्याच्या भिंतीला लागून, अठरा वर्षं त्याची पिकअप उभी राहायची. आता तिथे कोणाची तरी स्कूटर होती.

दत्ता घरसामान हलवायचा. डोंबिवली, दिवा, कल्याण, टिटवाळा या पट्ट्यात भाड्याने राहणाऱ्या माणसाचं आयुष्य अकरा महिन्यांच्या करारावर चालतं. करार संपला की मालक म्हणतो वाढवून द्या, नाहीतर बघा दुसरीकडे. मग माणूस दुसरीकडे बघतो आणि दत्ताला फोन करतो. एकेका कुटुंबाला त्याने चार-चार वेळा हलवलेलं होतं. डोंबिवलीतून दिव्याला, दिव्याहून टिटवाळ्याला, दरवेळी स्टेशन थोडं आणखी लांब. त्याला लोकांच्या कपाटांची मापं पाठ असत. आणि गंमत म्हणजे हा स्वतः जन्मभर भाड्यानेच राहिला, संगमेश्वरकडचं गाव सोडून आला तेव्हापासून. "चांभाराच्या बायकोच्या पायात कधी चप्पल बघितलीय का मास्तर?" असं म्हणून हसायचा. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना तीस वर्षं शिकवलं, म्हणून मी मास्तर. पुस्तकी मेकॅनिक असंही म्हणायचा, पण ते शैलासमोर, म्हणजे मला झोंबावं म्हणून.

आम्ही डोंबिवली सोडून ठाण्याला गेलो तेव्हा आमचं सामान त्यानेच नेलं. तोवर मी त्याला सणासुदीला ताटावर भेटलेलो, कामावर कधी पाहिलं नव्हतं. सामान चढलं, दोऱ्या आवळून झाल्या आणि मी हक्काने पुढचं डावीकडचं दार उघडलं. दत्ता म्हणाला, "मास्तर, ती सीट देवाची. तुम्ही मागे बसा." मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याने खरोखरच आमचा देव्हारा कोऱ्या पंच्यात गुंडाळून त्या सीटवर ठेवला, दोन बाजूंना दोन उशा लावल्या आणि दार हलकेच लोटलं. घरातले देव मागच्या हौद्यात गॅसच्या सिलिंडरशेजारी आदळत-आपटत जाऊ द्यायचे नाहीत, आणि देव पुढे असताना माणसाने तिथे बसायचं नाही, हा त्याचा नियम. तो कोणी शिकवलेला नव्हता, त्याचा त्यानेच केलेला. बौद्ध कुटुंब असलं की बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर त्याच सीटवर, त्याच उशा लावून. एका म्हाताऱ्याकडे देव नव्हतेच, त्याने बायकोचा फोटो आणून दिला, तोही दत्ताने तिथेच ठेवला आणि आरसा जरा वळवून घेतला, फोटो हलला तर दिसावा म्हणून. तर मी, सरकारी नोकरीतला इन्स्ट्रक्टर, गाद्यांच्या वळकट्यांवर बसून मुंब्र्याच्या बायपासने ठाण्याला गेलो. वाटेत माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी दिसू नये म्हणून डोक्यावर चादर घेतली होती. शैला अजून ते सांगून हसते. म्हणजे, हसायची.

त्या दिवशी आणखी एक पाहिलं. गाडी सुरू करताना तो चावी अर्धी फिरवून थांबायचा. जुनी डिझेलची गाडी, आधी तिचा हीटर तापावा लागतो, तोवर समोर एक पिवळा दिवा लागतो. हे मीच पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. पण बहुतेक ड्रायव्हर थांबत नाहीत, तशीच चावी मारतात, गाडी दोन-तीनदा खोकते आणि सुरू होते. दत्ता थांबायचा. भर उन्हाळ्यात, इंजिन तापलेलं असतानाही थांबायचा. हात मांडीवर, नजर त्या दिव्यावर. "दिवा विझला की मगच निघायचं," म्हणायचा. आणि त्याची गाडी नेहमी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची. अठरा वर्षांत तिने त्याला कुठेही रस्त्यावर उभं केलं नाही.

तरी गेली आठ वर्षं मी त्याच्या मागे लागलो होतो, की ही गाडी काढ आणि नवी घे. मला ती खोडच आहे. दुसऱ्याच्या गोष्टीत माझं डोकं भलतंच चालतं. मी त्याला एका वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन बाजू लिहून दिल्या होत्या. एका बाजूला गंजलेला पत्रा, दरवर्षीचं पासिंग, न मिळणारे पार्ट, जुन्या डिझेल गाड्यांवर येऊ घातलेली संक्रांत. दुसऱ्या बाजूला त्याने सांगितलेलं एकच वाक्य होतं: त्रास देत नाही. ते पान त्याने घडी घालून गाडीच्या कागदपत्रांतच ठेवलं, आणि पासिंगला गेला की तिथल्या साहेबाला म्हणे दाखवायचा, आमचे मास्तर काय म्हणतात बघा. नवी गाडी मुहूर्तावर घ्यायची, हे त्यालाही मान्य होतं. त्यामुळे दसरा आला की तो म्हणायचा पाडव्याला बघू, पाडव्याला म्हणायचा अक्षय्य तृतीया येतेय. अधल्यामधल्या काळात पितृपंधरवडा नाहीतर पौष असायचाच. साडेतीन मुहूर्त या माणसाने आठ वर्षं पुरवून वापरले.

एकदा मी त्याला ओढून घोडबंदर रोडवरच्या एका शोरूमला नेलं. तिथला तरुण सेल्समन उत्साहाने सगळं सांगत होता. दत्ता नव्या पिकअपमध्ये चढला, पण ड्रायव्हरच्या जागी नाही. डावीकडे बसला आणि विती टाकून सीट मोजायला लागला. मग विचारलं, हीटरचा दिवा कुठाय? सेल्समन म्हणाला, काका, आता थांबायचं नाही, चावी फिरवली की गाडी सुरू. दत्ता मान हलवत खाली उतरला. बाहेर टपरीवर चहा पिताना मी चिडूनच विचारलं की तुला नक्की नडतंय काय? त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "मास्तर, ही माझ्याबरोबर म्हातारी झाली. नवी घेतली तर ती माझ्यामागे उरेल... तेव्हा ती कोणाला देऊ?" त्यांना मूलबाळ नव्हतं. हे आम्ही कोणी कधी बोलायचो नाही, त्यानेही त्यापूर्वी आणि त्यानंतर कधी काढलं नाही. मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, नव्या गाडीची किंमत चांगली येते रे, विकता येईल. असा मी.

गेल्या भाद्रपदात दिव्याला एका बिल्डिंगमध्ये लिफ्ट बंद होती. दत्ताने तिसऱ्या मजल्यावर कपाट चढवताना मध्येच ते हमालांच्या हातात सोडलं आणि जिन्यातच बसला. घाम, धाप, ओठ निळे. हॉस्पिटलमध्ये चार दिवस ठेवला. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि सुमनला बाहेर बोलावलं आणि म्हणाले की हृदयाचं पंपिंग फार कमी झालंय, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. ओझं उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत, वर्षभर निघालं तर नशीब. पंपिंग हा शब्द त्यांनी पाच मिनिटांत दहा वेळा वापरला. सुमन माझा दंड घट्ट धरून उभी होती. तिने तिथेच, त्या पॅसेजमध्ये, मला शपथ घातली. "ह्यांना सांगू नका भावोजी. हे हाय खातील." आपल्याकडे घरोघरी हेच करतात. आम्हीही केलं. आत जाऊन मी दत्ताला म्हणालो, अशक्तपणा आहे, बीपी जरा वाढलंय. त्याने मान डोलावली.

आणि मग झालं असं, की आठ वर्षं जो नाही म्हणत होता तो स्वतःहून हो म्हणाला. दसरा दहा-बारा दिवसांवर आला असताना त्याचा फोन आला. जुनीचं स्टेअरिंग फार जड लागायला लागलंय, म्हणाला, नव्यात हलकं असतं, दम कमी लागेल. तुम्ही म्हणत होतात तेच बरोबर, दसऱ्याला बुकिंग करू, तुम्ही बरोबर या. मी फोन ठेवला आणि सुमनला लावला. ती म्हणाली, नवी घेतली की हे पुन्हा कपाटं उचलणार, पुन्हा जिने चढणार. आणि जुनी दारात असली तरी तेच. त्यामुळे जुनी काढायला लावा आणि नवी घेऊ देऊ नका. तुमचंच ऐकतात हे. तुम्ही सांगा, इंजिन गेलंय म्हणून.

रविवारी सकाळी मी गेलो. दत्ताने मैदानात गाडी सुरू केली, बॉनेट उघडलं आणि बाजूला सरकला. "तुम्ही एकदा ऐका मास्तर. तुम्ही म्हणाल ते." मी वाकून ऐकलं. तीस वर्षं मी पोरांना इंजिन ऐकायला शिकवलं, आणि इतकं स्वच्छ चालणारं जुनं इंजिन मी फार थोड्या वेळा ऐकलं असेल. कुठे ठोका नाही, खरखर नाही. घरून निघताना मी वाक्य ठरवून आलो होतो, की बेअरिंगचा आवाज येतोय, इंजिन बसत आलंय. पण डोक्यात तेव्हा रात्रंदिवस एकच शब्द घोळत होता, आणि तोंडातून तोच बाहेर पडला.

"पंपिंग कमी झालंय रे हिचं."

कुठल्याही गॅरेजात जाऊन विचारा. डिझेलचा पंप असतो, पंपाचं काम निघतं, पंप जातो. गाडीचं पंपिंग कमी झालं असं आजवर कोणी म्हटलेलं नाही; तो शब्द हॉस्पिटलातला. दत्ताचा हात बॉनेटवर तसाच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून वर गॅलरीत पाहिलं, तिथे सुमन कपडे वाळत घालत होती. मी घाईघाईने सारवासारव केली, म्हणजे पंप रे, डिझेलचा पंप, मोठं काम आहे.

"दुरुस्त नाही व्हायचं?"

"नाही."

"किती दिवस चालेल?"

"सांभाळून वापरली तर... वर्षभर," मी म्हणालो. मला वाटलं तो गाडीचंच विचारतोय. शपथेवर सांगतो, तेव्हा मला तसंच वाटलं. मग मी म्हणालो की जुनी विकून टाक, पण नवीची घाई नको, गुढीपाडव्याला बघू. तो हसला. "आठ वर्षांत पहिल्यांदा तुम्ही थांब म्हणालात मास्तर," म्हणाला आणि बॉनेट लावलं. त्या संध्याकाळी मी शैलाला फुशारकीने सांगितलं की पटवला एकदाचा.

दिवाळीनंतर त्याने गाडी कल्याणच्या बाजारात भाजी वाहणाऱ्या बाळारामला दिली. बाळाराम कल्याणजवळच्याच गावचा, चाळिशीचा, दत्ताच्या ओळखीतला. त्यानंतर दत्ता घरी बसला. लोकांचे फोन येत, तो त्यांना बाळारामचा नंबर देई. आम्ही दर रविवारी जायचो. मी त्याला नव्या गाड्यांबद्दल सांगायचो, यंदा पाडव्याला कुठलं मॉडेल येतंय वगैरे, आणि तो लक्ष देऊन ऐकायचा, अधूनमधून प्रश्नही विचारायचा. एकदा म्हणाला, पुढची सीट रुंद आहे का बघून ठेवा. घरी परतताना आम्ही नवरा-बायको एकमेकांना म्हणायचो, बरं झालं, त्याला काही कळलं नाही. आशेवर आहे बिचारा. आशेवर माणूस जगतो, असंही मी म्हणालो असेन, मला अशी वाक्यं सुचतात. पाडवा आला तेव्हा दत्ताला जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. आमच्या दोन्ही घरांत गुढी नव्हती.

चैत्र सरता सरता सुमनच्या घराचा करार संपला. मालकाने वाढवून मागितलं नाही, फक्त एकट्या बाईला ठेवायला सोसायटी कुरकुर करते म्हणाला. आम्ही ठाण्याला चल म्हटलं, ती नको म्हणाली. टिटवाळ्याला तिचा भाऊ राहतो, त्याच्या जवळच एक खोली मिळाली. गाडीचं विचारलं तेव्हा म्हणाली, दुसरी कुठली नको, आपलीच बोलवा. म्हणून बाळाराम आला. गाडी त्याने रंगवली होती, हौद्याच्या फटींत कोथिंबिरीची पानं अडकली होती. त्याने ती नाल्याच्या भिंतीला लागून तिथेच उभी केली. मी गॅलरीतून पाहिलं आणि लगेच आत गेलो.

सामान चढत होतं तेव्हा मी बाळारामशी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, पंपाचं काम करून घेतलंस का रे? तो दोरी आवळता आवळता थांबला. "पंपाला काय धाड भरलीय? दत्ताभाऊ गाडी देताना बोलले, पंपाला हात लावू नको, नव्यासारखा आहे. मी बोललो, मग विकता कशाला? तर बोलले, आमच्या मास्तरांनी तपासलंय. पंपिंग कमी झालंय, पण ते गाडीचं नाय." मग त्याने सुमन जवळ नाही ना हे बघून घेतलं आणि आवाज खाली केला. "घरी बोलू नको बोलले. त्यांना वाटतंय मला ठाऊक नाय, तेच बरं आहे. ती माणसं सुखात राहतील."

मी दोरीचं दुसरं टोक ओढून धरलं. सहा महिने. सहा महिने तो माणूस सगळं जाणून होता, आणि आम्ही पाडव्याच्या गप्पा मारत होतो आणि तो सीटची रुंदी विचारत होता, आम्हाला बरं वाटावं म्हणून. आम्ही त्याच्यापासून लपवलं, त्याने आमच्यापासून लपवलं. सुमनला त्याला काही सांगायचं असेल, त्याला सुमनला काही सांगायचं असेल, ते सगळं आमच्या त्या शहाणपणाखाली गेलं. एका खोलीत दोन माणसं, दोघांना ठाऊक, आणि कोणी कोणाजवळ रडलं नाही. आता ते दुरुस्त होण्यासारखं नाही. सुमनला हे सांगावं की नाही, मला कळत नाही. सांगितलं तर ती कशी जगेल आणि नाही सांगितलं तर मी पुन्हा तेच करतोय... अजून सांगितलेलं नाही. ती पेपर वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय. हाही भेकडपणाच.

शेवटी सुमन देव घेऊन खाली आली. कोऱ्या पंच्यात गुंडाळलेला देव्हारा तिने डावीकडच्या सीटवर ठेवला, दोन बाजूंना उशा लावल्या. काखेत दत्ताचा फोटो होता. गेलेल्या माणसाचा फोटो देवांजवळ ठेवत नाहीत, त्यामुळे ती तशीच उभी राहिली. बाळाराम म्हणाला, "ठेवा ना वहिनी सीटवर, जागा आहे." सुमनने मान हलवली. "ह्यांनीच बसू दिलं नसतं," म्हणाली. आणि फोटो पदराखाली घेऊन ती मागे आली. मी हात देऊन तिला वर घेतलं. आम्ही दोघं गाद्यांच्या वळकट्यांवर बसलो, तिच्या मांडीवर दत्ता.

पुढे बाळारामने चावी अर्धी फिरवली असावी, कारण काहीच आवाज झाला नाही. मागून तो पिवळा दिवा दिसत नाही. तरी आम्ही दोघंही थांबलो. दत्ताने गाडी देताना बाळारामला तेही शिकवलं असणार. मग गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि हौदा हलका थरथरायला लागला. सुमन थोडा वेळ ऐकत राहिली.

"इंजिन चांगलं आहे ना भावोजी?"

"हो," मी म्हणालो. "चांगलं आहे."